गाणं खोटं वाटतं, क्वायर सोडू का?

*सप्रेम सलाम. मी 34 वर्षांची आहे. लग्न होऊन नगरला आले तेव्हापासून, म्हणजे 11 वर्षं, आमच्या चर्चमधल्या मंडळीच्या क्वायरमध्ये गाते. गेल्या ऑगस्टमध्ये बाबा गेले. तेव्हापासून आनंदाची, विजयाची गीतं गाताना जीभ अडखळते. मागच्या महिन्यात 'माझं सर्वस्व तुला देते' अशा अर्थाचं एक गीत घेतलं. गाता गाता डोक्यात आलं की घराच्या हप्त्यांपायी दोन वर्षं आम्ही दशमांश, म्हणजे चर्चला द्यायचा कमाईचा दहावा भाग, दिलेला नाही. शेजारचे हात वर करतात म्हणून मीही करते. मिस्टर म्हणतात, 'फार विचार करू नकोस, गात राहा.' धाकट्या जावेशी सहा महिने बोलणं नाही आणि तीही समोर तिसऱ्या बाकावर बसलेली असते, पण तो वेगळा विषय. मला वाटतं मी दर रविवारी ढोंग करते आहे. क्वायर सोडू का?*

*– एक वाचक, अहिल्यानगर*

ताई, सप्रेम सलाम.

क्वायर सोडू नका. दोन महिने माईक मात्र दुसऱ्या कुणाला द्या आणि मागच्या रांगेत उभं राहून गा. असं का म्हणतोय ते पुढे येईलच.

तुमच्या पत्रात चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि चारही दुखण्यांना तुम्ही 'ढोंग' हे एकच नाव दिलंय. बाबांचं जाणं, दशमांशाची टोचणी, शेजाऱ्यांकडे बघून वर केलेले हात आणि जावेशी अबोला. पहिली तीन ढोंगात बसत नाहीत. चौथं बसेल की नाही, हे अजून तुमच्या हातात आहे.

शुभवर्तमानात 'ढोंगी' या शब्दामागे 'हुपोक्रितेस' हा ग्रीक शब्द आहे. त्याचा रोजच्या वापरातला अर्थ होता नाटकातला नट, मुखवटा घालून रंगमंचावर उभा राहणारा. येशू यशया संदेष्ट्याचं वचन घेऊन म्हणतो की हे लोक ओठांनी माझा सन्मान करतात, पण त्यांचं अंतःकरण माझ्यापासून दूर आहे. गाण्याच्या खरेपणाविषयी बोलताना हे वचन हमखास निघतं आणि बहुतेक वेळा अर्धवटच निघतं. मार्कच्या शुभवर्तमानाचा 7वा अध्याय काढा आणि 6व्या ओवीवर न थांबता 13व्यापर्यंत वाचा. तिथे त्या माणसांचा दोष नेमका काय होता ते सांगितलंय. आईबापांना ज्याचा आधार मिळायचा, तो पैसा 'कुर्बान' म्हणजे देवाला अर्पण केलेला आहे असं जाहीर करायचं आणि म्हाताऱ्यांना पोसायची जबाबदारी अंगाबाहेर टाकायची. भक्तीचा शब्द ढालीसारखा वापरायचा. त्यांना प्रार्थनेत गहिवरून येत नव्हतं, अशी तक्रार तिथे कुठेच नाही.

आमोस संदेष्ट्याचंही तसंच. 5व्या अध्यायात देव म्हणतो, तुझ्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून दूर कर. मग उपाय काय सांगतो? जास्त भावनेने गा, असं म्हणत नाही. न्याय पाण्यासारखा वाहू दे, म्हणतो.

म्हणून गाताना काय वाटलं यावरून स्वतःला मोजणं आधी थांबवा. गाण्याच्या आडून मी काही टाळते आहे का, एवढंच विचारा. या प्रश्नाचं उत्तर देता येतं. 'मला पुरेसं वाटलं का' याचं उत्तर कुणालाच देता येत नाही आणि त्याच्या मागे लागलेला माणूस गाताना देवाकडे बघण्याऐवजी स्वतःच्या छातीकडे बघत राहतो.

आता कामाचं बोलू. रविवारची गीतं शनिवारच्या सरावापर्यंत कळलेली असतात. ती चालीशिवाय वहीत उतरवून काढा. एका ओळीत एकच वाक्य. एका गीताला दहा मिनिटं पुरतात. मग मोठ्याने वाचा, गाऊ नका. चाल काढून घेतली की शब्द उघडे पडतात. त्यानंतर पेन्सिलीने प्रत्येक ओळीपुढे ती कोणत्या जातीची आहे ते लिहा. देवाविषयी सांगणारी ओळ असेल तर 'दे', देवाकडे मागणारी असेल तर 'मा', वचन देणारी असेल तर 'व', स्वतःची भावना सांगणारी असेल तर 'भा', आणि हाक मारणारी, म्हणजे एकमेकांना किंवा स्वतःच्या जिवाला उठवणारी असेल तर 'हा'. हे वर्गीकरण कुठल्या पुस्तकातलं नाही, कामापुरतं आहे. पण त्याने गुंता चटकन सुटतो, कारण या पाचही जातींचा खरेपणा वेगवेगळा तपासावा लागतो आणि आपण सगळ्यांना 'भा'चीच फूटपट्टी लावत बसतो.

'देव विश्वासू आहे' ही 'दे' ओळ. तुमचा दिवस कसा गेला यावर तिचा खरेपणा ठरत नाही. ताप आलेल्या माणसाने 'सूर्य उगवला' म्हटलं तर तो खोटं बोलत नाही. विश्वास डळमळला असेल तरी ही ओळ म्हणता येते. मार्कच्या 9व्या अध्यायातल्या त्या मुलाच्या बापाने एकाच श्वासात विश्वासाची कबुलीही दिली आणि अविश्वास घालवण्याची विनंतीही केली. त्याला ढोंगी कुणी म्हटलं नाही, त्याचा मुलगा बरा झाला.

'मा' ओळीला तर काहीच अट नाही. मागायला रिकामा हातच लागतो.

'हा' ओळींकडे नीट लक्ष द्या, कारण तुमची अर्धी अडचण इथे आहे. 'हालेलुया' हा हिब्रू शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'याहची स्तुती करा'. 'करा'. अनेकवचनी आज्ञार्थ. मी आज आनंदात आहे, असं त्यात कुठेही सांगितलेलं नाही. 103व्या स्तोत्रात दावीद स्वतःच्या जिवालाच सांगतो की परमेश्वराचा धन्यवाद कर. 42व्यात तर गाणारा आपल्या जिवाला विचारतो, तू का खिन्न झालास? झोपलेल्याला हाक मारावी तशी ही हाक आहे. ज्याचा जीव आधीच जागा आहे त्याला तिची गरजच नसते. बाबा गेल्यावर तुम्ही 'हालेलुया' म्हणता तेव्हा तुम्ही आनंदाचं सोंग करत नसता, आपल्या जिवाला हाक मारत असता. आणि 'होसान्ना' तर मुळात जयघोषही नव्हता. 118व्या स्तोत्रातली 'आता वाचव' ही विनवणी आहे ती. पुढच्या झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आधीच्या, हे आठवा.

'भा' ओळी अडचणीच्या असतात. 'माझं हृदय आनंदाने भरलंय' आणि हृदय भरलेलं नाही, मग काय करायचं? इथे मराठीचा एक चांगला उपयोग होतो. गीतात 'मी' आहे की 'आम्ही', हे आधी बघा. 'आम्ही' असेल तर ती ओळ मंडळीची आहे. त्या दिवशी मंडळीत कुणाला नातू झालेला असतो, कुणाची गाठ साधी निघालेली असते. त्यांच्या आनंदाला तुमचा आवाज द्या. तुमच्या दुःखाला त्यांनी ऑगस्टमध्ये दिलाच होता. मार्कच्या 2ऱ्या अध्यायात चौघांनी पक्षाघाती माणसाला उचलून आणलं, छप्पर उसकटून खाली सोडलं, आणि येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असं लिहिलंय. उचलणाऱ्यांचा विश्वास खाटेवरच्याच्या कामी आला. गीतात 'मी' असेल आणि ती ओळ आज तुमची नसेल, तर तोंड मिटून ती नुसती वाचा आणि पुढच्या ओळीला सामील व्हा. एका ओळीला गप्प राहिलेला आवाज क्वायरमध्ये कुणाला कळतही नाही. म्हणून तर माईक सोडायला सांगितला. माईकपाशी ही मोकळीक राहत नाही.

(जाता जाता, गीतं निवडणाऱ्यांसाठी. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' यांत फरक आहे. समोरचा 'आम्ही'त येत नाही, 'आपण'त येतो. देवाशी बोलताना 'आम्ही' हवं, एकमेकांना बोलावताना 'आपण' हवं. इंग्रजीवरून घाईत उतरवलेल्या गीतांत हे सर्रास उलटसुलट होतं आणि मग गाणाऱ्याला आपण कुणाशी बोलतोय तेच कळेनासं होतं. अशी गीतं छापण्याआधी कुणीतरी वाचून दुरुस्त करायला हवीत. अर्ध्या तासाचं काम आहे.)

आता 'व' ओळी. वचनाच्या. तुमचं सर्वस्वाचं गीत यातलं. इथे मी तुमच्या टोचणीच्या बाजूने आहे. देवाला दिलेल्या शब्दाविषयी बायबलमधल्या 'उपदेशक' या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात स्पष्ट सांगितलंय की नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा. तेव्हा ती ओळ तुम्हाला बोचली हे चांगलं झालं. पण उपाय गप्प बसण्यात नाही. फ्रान्सिस रिडली हॅवरगल या इंग्रज कवयित्रीने 1874 साली समर्पणाचं एक गीत लिहिलं. आयुष्य, हात, पाय, आवाज, सोनंनाणं असं एकेक नाव घेऊन देवाला म्हणत जाते, 'घे'. संबंध गीतात 'मी देते' असं न म्हणता तिने 'तू घे' असं मागितलंय. वचनाची ओळ मागण्याची करून टाकली. आणि दागिने? ते तिने 1878 साली, चार वर्षांनी, पन्नासेक नग एका पेटीत भरून चर्च मिशनरी सोसायटीला पाठवून दिले. म्हणजे लिहिणारीलाही आपल्या ओळीपर्यंत पोहोचायला चार वर्षं लागली, आणि तेवढा काळ ते गीत खोटं नव्हतं, कारण ती त्याच रस्त्याने चालली होती.

तुम्हीही तसंच करा. गाताना छापील शब्द बदलू नका, शेजारचे गोंधळतात. मनात मात्र प्रत्येक 'देते'च्या आधी 'मला देता येऊ दे' एवढं जोडा. आणि सोमवारी मिस्टरांबरोबर वही घेऊन बसा. हप्ता, शाळेची फी, किराणा, औषधं वजा करा आणि एक आकडा ठरवा. दहावा भाग निघत नसेल तर निघत नाही. प्रेषित पौल 2 करिंथ 8:12 मध्ये लिहितो की जवळ असेल त्या मानाने दिलेलं मान्य होतं, नसेल त्या मानाने नाही. महिन्याला 200 रुपये निघाले तर 200. पहिल्या रविवारी पाकिटात घालायचे आणि सहा महिने आकडा बदलायचा नाही. दोन वर्षांची थकबाकी मोजत बसू नका आणि दानासाठी उसने तर मुळीच घेऊ नका. ते पाकीट पर्समध्ये असताना तीच ओळ गाऊन बघा.

मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. 6व्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यांत स्तोत्रं म्हणताना आपलं मन आपल्या आवाजाशी जुळेल असं उभं राहावं, असं सांगितलंय. क्रम बघा. आवाज पुढे, मन त्याच्या मागे. त्या मठांत आठवड्याला दीडशेच्या दीडशे स्तोत्रं म्हणून व्हायची. त्यामुळे कुणाचा भाऊ वारलेला असतानाही त्याला जयघोषाचं स्तोत्र म्हणावं लागे आणि पीक उत्तम आलेलं असताना विलापाचं. मन तयार होईपर्यंत थांबायचं असतं तर एकही स्तोत्र पुरं झालं नसतं. म्हणून 'गात राहा' हे बरोबर. 'विचार करू नकोस' हे चूक. 1761 साली मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीने गाणाऱ्यांना सात सूचना लिहून दिल्या. तो एकीकडे अर्धमेल्यासारखं, पेंगत गाऊ नका म्हणतो, आणि शेवटच्या सूचनेत शब्दांच्या अर्थाकडे काटेकोर लक्ष द्या, नादाने मन वाहून जाऊ देऊ नका, असंही बजावतो. दोन्ही एकदम.

नादाने वाहून जाण्याची भीती तुम्हाला आत्ता नाही, पण तुमच्या क्वायरमध्ये इतर कुणाला असेल. संत ऑगस्टीनने इ.स. 400 च्या सुमारास आपल्या 'कबुली' या आत्मकथनात लिहून ठेवलंय की कधी कधी गाण्याच्या आशयापेक्षा गाण्यानेच मी जास्त हलतो, आणि तसं झालं की मी चुकलो असं समजतो. तरीही त्याने गाणं बंद करा म्हटलं नाही. ओळखायची खूण सोपी आहे. डोळे भरून आले की घरी जाऊन तेच शब्द चालीशिवाय वाचा. काहीच उरलं नाही तर ते रडू चालीचं होतं. रडण्यात वाईट काही नाही, फक्त त्याला आत्म्याचं काम म्हणायची घाई करू नये.

आता बाबांविषयी. हे खरं तर सगळ्यात आधी यायला हवं होतं, पण ओळींच्या जाती कळल्याशिवाय पुढचं नीट सांगता आलं नसतं.

स्तोत्रसंहितेतली तिसरा हिस्सा तरी स्तोत्रं विलापाची आहेत. 13वं स्तोत्र जेमतेम सहा ओव्यांचं आहे आणि पहिल्या दोन ओव्यांतच चार वेळा 'कोठवर' असं विचारलंय. 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही. हीसुद्धा मंदिरात गायचीच गीतं होती. आपल्याकडे काय होतं? शोकाची गीतं दफनाच्या दिवशी निघतात, आणि पुढच्या रविवारी टाळ्या, ढोलकी, विजय. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला वर्षभर रडायला गीत मिळत नाही आणि मग त्याला वाटतं आपलाच विश्वास कमी पडला. मराठी मंडळीला तर असं शोकगीतांविना राहायची काहीच गरज नाही. देवाशी भांडण्याची, त्याला आळवण्याची, 'ये, किती वाट पाहू' म्हणण्याची अभंगांची भाषा नारायण वामन टिळकांनी (1861–1919) संतांकडून घेऊन आपल्या भजनांत आणली. 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकात त्यांची गीतं ढिगाने आहेत. क्वायरप्रमुखांना सांगून महिन्यातून एका रविवारी त्यांतलं एक आर्त गीत घ्यायला लावा. संथ लयीत, पेटी आणि तबला पुरे, ऑक्टोपॅड नको. मंडळीत शोक करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, हे तुम्हाला त्या दिवशी चेहऱ्यांवरून कळेल.

घरी मात्र रोज 23वं स्तोत्र म्हणा आणि एक गोष्ट बघा. पहिल्या तीन ओव्यांत मेंढपाळाविषयी 'तो' म्हणून बोलणं चाललंय. तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला नेतो. चौथ्या ओवीत मृत्यूच्या छायेची दरी येते आणि तिथेच शब्द बदलतो, 'तू माझ्याबरोबर आहेस'. हिरव्या कुरणात 'तो', दरीत 'तू'. तुम्ही सध्या 'तू'च्या ओवीत आहात. देवाविषयीची मोठमोठी विधानं नाही निघाली तोंडून, तरी 'तू' म्हणता येतंय का तेवढं बघा. आपल्या भाषेत आईला आणि देवाला आपण 'तू'च म्हणतो, त्यामुळे हा शब्द तुमच्या जिभेवर आधीपासूनच आहे.

गळा दाटण्याचं कारण शरीराचंही आहे. रडू येताना शरीराला जास्त हवा हवी असते म्हणून कंठातली फट उघडी राहू पाहते. गाताना मात्र स्वरतंतू जवळ यावे लागतात. त्या ओढाताणीत गोळा अडकल्यासारखं वाटतं. जोर लावला की आवाज चिरकतो. त्याऐवजी सगळा श्वास हळूच बाहेर सोडा, एक घोट कोमट पाणी घ्या, जबडा सैल करा आणि पुढची ओळ निम्म्या आवाजात घ्या. तरी नाही निघाली तर ओठ नुसते हलवा. तुम्ही गाताय की नाही हे ज्याला कळायला हवं त्याला कळतं.

क्वायरच्या कामातल्या दोन चुका अशा आहेत की त्यांच्यामुळे भल्याभल्यांचं मन गाण्यातून उडतं आणि दोष भक्तीवर येतो. पहिली चूक पट्टीची. यूट्यूबवरची बरीचशी गीतं एकट्या, तयार गळ्याच्या गायकाच्या सोयीच्या पट्टीत असतात. क्वायर तीच उचलते. स्त्री-पुरुष मिळून गाणाऱ्या मंडळीत चालीतली सर्वांत उंच जागा वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या पुढे जाऊ देऊ नका. जात असेल तर कीबोर्डवर ट्रान्सपोज दोन-तीन घरं खाली आणा. पट्टी चढली की मागच्या बाकांवरचे आधी गप्प होतात, उरलेल्यांचं सगळं लक्ष गळ्यात अडकतं आणि शब्द वाऱ्यावर. भाषांतरित गीतांत भर म्हणून ह्रस्व अक्षरं ताणलेली असतात. 'कृपा'तला 'कृ' चार मात्रा लांबवला आणि 'पा' झटकन टाकला तर ऐकणाऱ्याला 'कृपा' ऐकूच येत नाही. अशा जागी चाल थोडी वाकवा, शब्द वाकवू नका.

दुसरी चूक ध्रुवपदाच्या आवर्तनांची. पुन्हा पुन्हा म्हणणं वाईट नाही, भजनावर वाढलेल्या आपल्या कानाला ते परकंही नाही. 136व्या स्तोत्रात 'त्याची दया सनातन आहे' ही ओळ 26 ओव्यांत 26 वेळा येते. पण दर वेळी तिच्या आधी नवं कारण असतं. आकाश केलं, समुद्र दुभंगला, दैन्यात आमची आठवण ठेवली, आणि मग पुन्हा ती ओळ. आपण कारणं गाळतो आणि ओळ तेवढी आठ-दहा वेळा म्हणतो. तिसऱ्या-चौथ्या वेळेला मन निसटतं ते म्हणूनच. ध्रुवपद चार वेळा येणार असेल तर शनिवारीच चार कारणं वहीत लिहून ठेवा, तुमच्या घरातली. बाबांनी पेटीवर बोटं ठेवायला शिकवलं असेल तर तेही कारणच आहे.

हातांविषयी थोडक्यात. चार रविवार दोन्ही हात गीतपुस्तकावर ठेवा. पाचव्या रविवारी आपसूक उठले तर उठू द्या, नाही उठले तर राहू द्या. हात वर करणं ही फक्त आनंदाची खूण आहे असंही समजू नका. 28व्या स्तोत्रात मदतीसाठी हाक मारताना हात वर केलेले आहेत, मूल कडेवर घे म्हणून करतं तसे. पण पौल 1 तीमथ्य 2:8 मध्ये हातांविषयी आणखी एक अट घालतो. हात पवित्र असावेत आणि मनात राग व विवाद नसावा.

आणि म्हणून जाऊबाईंकडे यावंच लागतं. तुम्ही लिहिलंत, 'पण तो वेगळा विषय'. ताई, तुमच्या पत्रातला हाच विषय आहे. मत्तय 5:23-24 मध्ये येशू म्हणतो की अर्पण वेदीपाशी आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तिथे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. तुम्हाला ते दर रविवारी आठवतं, कारण ती तिसऱ्या बाकावर समोरच बसते. क्षमेचं गीत गाताना नजर तिला चुकवून मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे जात असेल, तर ती नजर खरं बोलते आहे. गाण्याच्या आडून टाळणं म्हणतात ते हेच. बाबांच्या शोकाने गाणं खोटं होत नाही, या टाळण्याने मात्र होत जातं.

चूक कुणाची, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि पहिलं पाऊल टाकायला ते लागतही नाही. व्हॉट्सॲपवर लिहू नका, लिहिलेलं दहा जणांना दाखवता येतं. उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारातही नको, तिथे चार जणी कान देऊन उभ्या असतात. सासूबाईंना मध्ये घालू नका, कुणाची तरी बाजू घ्यावी लागल्याने त्यांचीच पंचाईत होईल. पाळकसाहेबांना तिचीही तयारी असेल तरच बोलवा. फोन करा आणि पहिलं वाक्य आपल्याबद्दलचं असू द्या: 'सहा महिने मी तुझ्याशी बोलले नाही, त्याचं मला वाईट वाटतं. येऊन भेटू का?' एवढंच. 'तूसुद्धा' हा शब्द पहिल्या भेटीत तोंडातून काढू नका. 'झालं गेलं विसरून जा' हेही नको, ज्याला लागलंय त्याला ते उडवून लावल्यासारखं वाटतं. तिने तक्रार काढली तर मध्ये न बोलता पूर्ण ऐका. जिथे तुमचं चुकलं असेल तिथे त्या गोष्टीचं नाव घेऊन माफी मागा. पैशाचा किंवा वाटणीचा व्यवहार असेल तर तो त्या दिवशी सोडवायला बसू नका, त्यासाठी वेगळा दिवस ठरवा आणि दोघींचे नवरे हजर असू द्या.

ती नाही म्हणाली तर? रोमकरांस पत्रात 12:18 ला 'साधेल तर, तुम्हाकडून होईल तितके' सर्वांबरोबर शांतीने राहा असं आहे. तुमच्याकडचं झालं की रविवारी मोकळ्या गळ्याने गा. दार तिच्या बाजूने बंद आहे म्हणून तुम्ही क्वायर सोडायचं काही कारण नाही. महिनाभराने पुन्हा एकदा विचारा. आणि त्या अबोल्यामागे मारहाण, धमकी असलं काही असेल, तर हा सगळा परिच्छेद बाजूला ठेवा, एकट्या जाऊ नका, आधी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजन असेल त्या रविवारच्या आधी हे व्हायला हवं. फोन शनिवारी करू नका, शनिवारी तुमचा सराव असतो. गुरुवारी संध्याकाळी करा. ती 'उद्या ये' म्हणाली तर शुक्रवार मोकळा हवा.